आरजी35एक्सएक्स एच आणि अपरिचित गेम-यंत्रं: प्रोसेसर पुरतो, बटणं पुरत नाहीत

एनईएस किंवा गेमबॉयचे जुने गेम हँडहेल्डवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रावर, चालवायला आज काही शिकावं लागत नाही. रॉम (गेमची फाइल) फोल्डरात टाकली, यादीत नाव आलं, दाबलं की गेम सुरू. याचं कारण एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्राम) हुशार झाले एवढंच नाही. डाव्या अंगठ्याखाली डी-पॅड (चार दिशांचं बटण), उजव्याखाली ए आणि बी, मध्ये स्टार्ट-सिलेक्ट ही मांडणी फॅमिकॉमबरोबर, म्हणजे जपानातल्या एनईएसबरोबर, 1983 मध्ये आली आणि आजच्या प्रत्येक हँडहेल्डच्या अंगावर तीच आहे. जुना गेम नव्या यंत्रात हातमोज्यासारखा बसतो, कारण मोजा त्याच मापाचा आहे.

खरं काम सुरू होतं ते या मापाबाहेरच्या यंत्रांपाशी. फेअरचाइल्ड चॅनल एफचा कंट्रोलर पिळायचा, वर ओढायचा आणि खाली दाबायचाही असतो. इंटेलिव्हिजनच्या कंट्रोलरवर टेलिफोनसारखी बारा बटणं आहेत. मॅग्नावॉक्स ओडिसी 2 ला चक्क 49 कळांचा कीबोर्ड जोडलेला आहे. वंडरस्वानला दिशांच्या बटणांचे दोन संच आहेत आणि काही गेम यंत्र उभं धरून चालतात. वेक्ट्रेक्सच्या पडद्यावर तर पिक्सेलच नाहीत. ही सगळी यंत्रं चालवायला लागणारी ताकद आजच्या स्वस्तातल्या स्वस्त हँडहेल्डकडेही भरपूर आहे. वेक्ट्रेक्सचा प्रोसेसर 1.5 मेगाहर्ट्झचा, वंडरस्वानचा 3.072 मेगाहर्ट्झचा. तरीही गेम 'चालत नाही' असं वाटतं, तेव्हा दहातल्या आठ-नऊ वेळा तो चालूच असतो. त्याला हवं असलेलं बटण आपण दाबलेलं नसतं, इतकंच.

हे सगळं अ‍ॅनबर्निकच्या आरजी35एक्सएक्स एच या हँडहेल्डला धरून लिहिलं आहे. साडेतीन इंची 640×480 स्क्रीन, ऑलविनर एच700 चिप, चार कॉर्टेक्स-ए53 कोअर, माली-जी31 ग्राफिक्स, 1 जीबी रॅम, दोन मायक्रोएसडी खाचा, आणि दोन अ‍ॅनालॉग स्टिक. अपरिचित यंत्रांसाठी यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे त्या दोन स्टिक. याच चिपचा उभा भाऊ, आरजी35एक्सएक्स प्लस, ताकदीला तेवढाच आहे, पण त्याला स्टिक नाहीत. पीएस1 साठी ते चालून जातं, इंटेलिव्हिजनसाठी नाही चालत.

आधी पाया

खोक्यातून येणाऱ्या मेमरी कार्डावर विसंबू नका. अशी कार्डं लवकर दगा देतात, आणि त्यांच्याबरोबर सेव्हही जातात. नामवंत कंपनीची दोन कार्डं घ्या. पहिल्या खाचेत फर्मवेअर (यंत्राची कार्यप्रणाली), दुसऱ्या खाचेत गेम. या अपरिचित यंत्रांच्या रॉम इतक्या छोट्या असतात (चॅनल एफच्या बहुतेक कॅसेट दोन-चार किलोबाइटच्या) की दुसरं कार्ड 32 जीबीचं असलं तरी पुष्कळ. कॅसेट म्हणजे कार्ट्रिज, नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीगेमच्या कार्ट्रिजना सगळे कॅसेटच म्हणायचे, आणि तोच शब्द इथे बरा वाटतो.

फर्मवेअर म्हणून बाटोसेरावर आधारलेलं नल्ली या कामाला सोयीचं. त्याची दोन कारणं. एक, प्रत्येक यंत्राच्या रॉम-फोल्डरात 'इन्फो' नावाची एक छोटी मजकूर-फाइल आधीच ठेवलेली असते, आणि तीत त्या यंत्राला चालणारी एक्स्टेन्शन्स लिहिलेली असतात. दोन, मुख्य मेनूतल्या गेम सेटिंग्जमध्ये 'मिसिंग बायोस चेक' आहे (बायोस म्हणजे मूळ यंत्रात आधीपासून असलेला प्रोग्राम). ते नुसतं फाइल आहे की नाही एवढंच बघत नाही, फाइलचा एमडी5 ठसाही ताडून बघतं. म्हणजे नाव बरोबर पण आतला माल चुकीचा, हेही कळतं. म्यूओएस हे दुसरं फर्मवेअर वापरत असाल तर तीच माहिती रेट्रोआर्कच्या (अनेक एम्युलेटर एका छताखाली चालवणारा प्रोग्राम, त्यातला प्रत्येक एम्युलेटर म्हणजे एक 'कोअर') 'कोअर इन्फर्मेशन' पानावर मिळते, फक्त तिथे फाइल आहे की नाही एवढंच कळतं.

रिकाम्या फोल्डराचं यंत्र यादीत दिसतच नाही. रॉम टाकून 'अपडेट गेमलिस्ट्स' केल्यावरही यंत्र उमटलं नाही, तर पहिला संशय एक्स्टेन्शनवर घ्या.

बायोसची गोष्ट इथेच उरकू. वंडरस्वानला बायोस लागत नाही. वेक्ट्रेक्सचा बायोस कोअरमध्येच आहे. त्याच्या हक्कधारकांनी बिनव्यापारी वापरासाठी तो मोकळा करून दिला, फार थोड्या कंपन्यांनी असा मोठेपणा दाखवला आहे. पोकेमॉन मिनीच्या कोअरमध्ये पर्यायी मोफत बायोस बसवलेला आहे. इंटेलिव्हिजनला मात्र दोन फाइली लागतातच: एक्झेक.बिन (8 किलोबाइट) आणि ग्रॉम.बिन (2 किलोबाइट). पहिलीत यंत्राची मूळ कार्यप्रणाली, दुसरीत अक्षरं आणि चित्रखुणा. ग्रॉमऐवजी चुकीची फाइल पडली तर गेम सुरू होतो पण अक्षरांच्या जागी कचरा दिसतो. ओडिसी 2 ला ओ2रॉम.बिन, फक्त 1024 बाइट. चॅनल एफला एसएल31253.बिन आणि एसएल31254.बिन अशा प्रत्येकी 1 किलोबाइटच्या दोन. ही सगळी नावं कार्डावर इंग्रजी स्मॉल लेटरमध्येच ठेवा. विंडोजला मोठं-लहान अक्षर एकच वाटतं, लिनक्सच्या ईएक्सटी4 विभागाला ती दोन वेगळी नावं वाटतात. घरच्या कॉम्प्युटरवर सगळं ठीक दिसत असताना हँडहेल्डवर 'बायोस नाही' असं येतं ते यामुळे.

वंडरस्वान: एका यंत्रात दोन यंत्रं

बंदाईचं वंडरस्वान जपानात 4 मार्च 1999 ला आलं. गेमबॉयमागचा माणूस, गुनपेई योकोई, निन्टेन्डो सोडून कोटो लॅबोरेटरी काढतो आणि हे यंत्र आखतो. 1997 मध्ये त्याचा अपघाती मृत्यू झाला, ते बाजारात आलेलं त्याने पाहिलं नाही. एका डबल-ए सेलवर चालणारं, 224×144 पडद्याचं हे यंत्र जपानाबाहेर जवळजवळ कुणाला माहीत नाही, आणि हँडहेल्डवर पहिलं अपरिचित यंत्र बसवायचं असेल तर हेच बसवावं.

कोअर बीटल सिग्नी. काळ्या-पांढऱ्या गेमचं एक्स्टेन्शन डब्ल्यूएस, रंगीत गेमचं डब्ल्यूएससी.

मूळ यंत्राच्या डाव्या बाजूला चार-चार बटणांचे दोन संच आहेत, वरचा वाय, खालचा एक्स. उजवीकडे ए आणि बी. आडवं धरलं की एक्स संच म्हणजे डी-पॅड. यंत्र डावीकडे पाव वळण फिरवून उभं धरलं की डावी बाजू खाली येते. मग वाय संच डाव्या अंगठ्याखाली जातो, एक्स संच उजव्याखाली, आणि ए-बी वर राहून निरुपयोगी होतात. म्हणजे तीच बटणं, पण भूमिका पूर्ण बदललेल्या. योकोईच्या स्मरणार्थ ज्याचं नाव ठेवलं तो गनपे हा कोडी-गेम, किंवा 2004 चा जजमेंट सिल्व्हरस्वर्ड हा विमान-गोळीबाराचा गेम, हे असे उभे चालतात.

एम्युलेटरमध्ये उभा गेम पहिल्यांदा उघडला की चित्र आडवं पडलेलं दिसू शकतं. सिलेक्ट दाबा, चित्र उभं होतं. कोअरच्या पर्यायांत 'रोटेट कीमॅप' हा 'ऑटो'वर ठेवा, म्हणजे चित्र फिरताच बटणंही फिरतील: डी-पॅड होईल वाय संच, आणि ए-बी-एक्स-वायचा चौकोन होईल मूळचा एक्स संच. बरोबर मूळ यंत्र उभं धरल्यासारखं. हँडहेल्ड फिरवायची गरज नाही, चित्र स्क्रीनच्या मधोमध उभं येतं. पाळायचं एवढंच की डोळ्यांपुढचं चित्र आणि हाताखालची बटणं यांपैकी एकच फिरलेलं असता कामा नये. 'वर' दाबल्यावर पात्र डावीकडे जात असेल तर ऑटो बंद आहे.

आडव्या गेममध्ये वाय संच शोल्डर बटणांवर (वरच्या कडेच्या एल-आर बटणांवर) येतो. बहुतेक आडवे गेम त्याचा वापर दुय्यम कामांना करतात, त्यामुळे ते खपून जातं. ज्यांत तो संच सतत लागतो त्यांच्यासाठी तो उजव्या स्टिकवर रिमॅप करून (म्हणजे हलवून) घ्या, हात लगेच बसतो.

दुसरी अडचण सुरुवातीला जाणवत नाही, पण सरकत्या पार्श्वभूमीच्या गेममध्ये डोळ्यांना टोचते. वंडरस्वानचा पडदा सेकंदाला 75.47 वेळा ताजा व्हायचा, आपली स्क्रीन 60 वेळा होते. रेट्रोआर्क बारीकसारीक फरक आवाजाचा वेग किंचित हलवून भरून काढतं, पण पंधराचा फरक त्याच्या आवाक्याबाहेरचा. मग ते व्ही-सिंकचा (चित्र पडद्याच्या ठेक्याशी जुळवण्याचा) आधार सोडतं आणि चित्र मध्येच फाटल्यासारखं दिसतं. यावर कोअरचा स्वतःचा '60 हर्ट्झ मोड' चालू ठेवा. दर पाच चौकटींमागे साधारण एक चौकट गळते, गेमचा वेग मूळचाच राहतो, चित्र फाटत नाही. किंचित थरथर उरते, आणि 60 हर्ट्झच्या पडद्यावर ती पूर्ण जाणार नाही. व्ही-सिंक, आवाजाचा बफर, थ्रेडेड व्हिडिओ अशी बटणं फिरवत एक संध्याकाळ घालवून हाती काही लागत नाही.

आकाराबद्दल. 224×144 ला बरोबर दुप्पट केलं की 448×288 होतं, दोन्ही बाजूंना 96-96 पिक्सेल काळे. पुष्कळांना हे चित्र फार लहान वाटतं आणि ते लगेच इंटिजर स्केल (चित्र फक्त पूर्ण पटीत मोठं करणं) बंद करतात. थोडा हिशेब करून बघा. या स्क्रीनचा कर्ण 800 पिक्सेल, साडेतीन इंच, म्हणजे इंचाला सुमारे 229 पिक्सेल. दुप्पट चित्राचा कर्ण येतो 2.33 इंच. मूळ यंत्राचा पडदा जेमतेम याहून मोठा होता. म्हणजे 'लहान' दिसतं तेच खरं माप. उभ्या गेममध्ये 288×448 येतं आणि ते उंचीला जवळपास पूर्ण भरतं, तिथे तर इंटिजर स्केल बंद करायला काहीच कारण नाही. आडव्या गेममधली जपानी अक्षरं वाचायला त्रास होत असेल तर पूर्ण रुंदी घ्या, पण सोबत शार्प-बायलिनीअर शेडर (चित्रावर प्रक्रिया करणारा छोटा प्रोग्राम) लावा. नाहीतर काही पिक्सेल दोन ठिपक्यांचे, काही तीन ठिपक्यांचे होतात आणि सरकताना अक्षरं लाटेसारखी हलतात.

भाषांतराचे पॅच मिळतात. ते रॉमवर कायमचे चढवायची गरज नाही. पॅच-फाइलला रॉमचंच नाव द्या, फक्त एक्स्टेन्शन आयपीएस किंवा बीपीएस, आणि शेजारी ठेवा. गेम उघडताना रेट्रोआर्क तो आपोआप लावतं, मूळ रॉम अस्पर्श राहते. पॅच लागला नाही तर रॉमची आवृत्ती वेगळी आहे एवढाच अर्थ घ्या. बीपीएस पॅच मूळ फाइल ताडून बघतो आणि न जुळल्यास लागतच नाही, आयपीएस मात्र न बघता लागतो आणि गेम मध्येच कोसळतो. दोन्ही मिळत असतील तर बीपीएस घ्या.

इंटेलिव्हिजन: बारा बटणं आणि एक चकती

मॅटेलचं इंटेलिव्हिजन 1979 मध्ये चाचणीपुरतं आणि 1980 मध्ये अमेरिकाभर आलं. कंट्रोलरवर खाली सोळा दिशांची चकती, कडेला चार बटणं, वर बारा कळांचा कीपॅड. प्रत्येक गेमबरोबर प्लॅस्टिकची चित्रित पट्टी यायची, ती कीपॅडवर सरकवायची, मग कुठली कळ काय करते ते कळायचं. ती पट्टी हातात नसणं, हीच आज या यंत्राची खरी अडचण.

कोअर फ्रीइंटीव्ही. त्याची मांडणी विचार करून केलेली आहे, ती बदलायची घाई करू नका. डी-पॅड किंवा डावी स्टिक म्हणजे चकती. ए, बी आणि वाय म्हणजे कडेची बटणं. कडेला चार बटणं असूनही कामं तीनच, कारण वरची दोन आतून एकाच तारेला जोडलेली आहेत. एल1 किंवा आर1 धरलं की कोपऱ्यात छोटा कीपॅड उमटतो. धरलेलं असताना डी-पॅडने आकड्यावर जा आणि दाबा. एक्स म्हणजे शेवटचा दाबलेला आकडा पुन्हा. एल2 क्लिअर, आर2 एंटर. आणि उजवी स्टिक म्हणजे थेट कीपॅड: वर ढकलली की 2, उजवीकडे 6, तिरकी वर-डावीकडे 1, असं. स्टिक आत दाबली की 5, डावी स्टिक आत दाबली की 0.

हे शेवटचं हाताला एकदा बसलं की इंटेलिव्हिजन खुलतं. डॉन डॅगलो यांचा यूटोपिया घ्या. बेटावर राज्य करायचा गेम, तोही 1980 च्या दशकाच्या अगदी सुरुवातीला. शेती, शाळा, दवाखाना, कारखाना, मासेमारीची होडी, जे काही उभारायचं ते कीपॅडवरचा आकडा दाबून. छोटा कीपॅड उघडून एकेक आकडा शोधत बसलात तर फेरीची वेळ संपून जाते. डावीकडे कर्सर, उजवीकडे आकडे, असं दोन्ही अंगठ्यांनी खेळलं तर तो गेम आजही रंगतो. खेळण्याआधी त्या गेमच्या पट्टीचं चित्र फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि पहिल्या अर्ध्या तासात फोन शेजारी उघडा असू द्या.

बिघाडासारख्या दिसणाऱ्या तीन गोष्टी. पहिली, गेमचं नाव येतं आणि तिथेच थांबतं. बऱ्याच गेमना आधी खेळाडूंची संख्या किंवा वेग आकड्याने सांगावा लागतो, मग एंटर. 1 आणि आर2 दाबून बघा. दुसरी, सगळं सुरळीत चालू असताना अचानक काहीच हलत नाही. सिलेक्ट चुकून दाबलं गेलंय, त्याने डावा-उजवा कंट्रोलर अदलाबदल होतो. पुन्हा सिलेक्ट. (स्टार्टने गेम थांबतो, तेही एकदा बघा.) तिसरी, चकती फिरवत असतानाच आकडा दाबला तर भलतंच काहीतरी होतं. हा एम्युलेटरचा दोष नाही. मूळ कंट्रोलरमध्ये चकती आणि कीपॅड त्याच आठ तारांवरून बोलतात. दोन्ही एकदम दाबले की संकेत एकमेकांत मिसळतात, आणि कोअर ते इमानदारीने तसंच करून दाखवतं. अंगठा चकतीवरून उचला, मग आकडा.

ओडिसी 2 आणि चॅनल एफ

ओडिसी 2 (1978, युरोपात फिलिप्सचं व्हिडिओपॅक) उघडलं की 'सिलेक्ट गेम' एवढीच अक्षरं येतात आणि यंत्र शांत बसतं. कुणालाही वाटेल की रॉम खराब आहे. त्याला कीबोर्डवरचा आकडा हवा आहे, बहुतेकदा 1. ओ2ईएम कोअरमध्ये सिलेक्टने पडद्यावर कीबोर्ड उघडतो, डी-पॅडने 1 वर जा, दाबा, पुन्हा सिलेक्टने तो मिटवा. गेम सुरू झाला पण पात्र हलत नाही? कित्येक कॅसेटमध्ये एकट्या खेळाडूने उजवा जॉयस्टिक धरायचा असतो, काहींत डावा. तेव्हाच्या प्रोग्रामरांनी याबाबत एकमत केलंच नाही. कोअरच्या पर्यायांत 'स्वॅप गेमपॅड्स' आहे, तो त्या एका गेमपुरता जतन करा. युरोपातली कॅसेट फार वेगाने पळत असेल तर कोअरमधला विभाग पाल (युरोपातली टीव्ही-पद्धत) करा. ती 50 हर्ट्झच्या टीव्हीसाठी लिहिलेली आहे, 60 वर ती एक-पंचमांशाने जोरात धावते.

चॅनल एफ नोव्हेंबर 1976 चं. प्रोसेसर असलेलं आणि रॉमच्या कॅसेट बदलता येणारं हे पहिलं घरगुती यंत्र, ज्या गटाने ते घडवलं त्याचा प्रमुख जेरी लॉसन. अटारी 2600 त्याच्या पुढच्या वर्षी आलं. 128×64 ठिपक्यांच्या या यंत्राकडे आज कुणी चित्रासाठी येणार नाही. इतिहास हातात धरून बघायचा म्हणून यावं, आणि नक्की यावं.

सुरू केल्यावर 'जी' आणि प्रश्नचिन्ह दिसतं. कॅसेटमधला कितवा गेम, असं ते विचारतं. उत्तर कंट्रोलरने देता येत नाही, मूळ यंत्राच्या डब्यावरच्या चार बटणांनी द्यायचं असतं. फ्रीचॅफ कोअरमध्ये स्टार्ट दाबलं की त्या बटणांची पट्टी पडद्यावर येते: टाइम, मोड, होल्ड, स्टार्ट, आणि शेजारी रीसेट. त्यांचेच आकडे 1 ते 4. पहिला गेम हवा तर टाइमवर जा. 'टाइम' का, असा प्रश्न पडेल. ती बटणं दुहेरी कामाची आहेत, आकडाही तीच आणि वेळ-प्रकार निवडायलाही तीच. कॅसेट न घालता यंत्र सुरू केलं तर आतले हॉकी आणि टेनिस मिळतात, सवय करायला ते पुरेसे.

कंट्रोलरचं टोक आठ प्रकारे हलतं: चार दिशा, दोन्हीकडे पिळणं, वर ओढणं, खाली दाबणं. दिशा डी-पॅडवर, पिळणं वाय आणि ए वर, ओढणं एक्स, दाबणं बी. चौकोनाचा आकार लक्षात ठेवला की झालं, वरचं बटण वर, खालचं खाली, डावं-उजवं पिळायला. हॉकीमध्ये बॅट तिरकी करायला पिळावं लागतं, आणि हे कळेपर्यंत प्रत्येक जण हरतो.

वेक्ट्रेक्स: पिक्सेल नसलेला पडदा

1982 च्या नोव्हेंबरात जीसीई या कंपनीने काढलेलं वेक्ट्रेक्स स्वतःचा 9 इंची पडदा घेऊन आलं. त्यावर इलेक्ट्रॉनचा किरण टीव्हीसारखा ओळीओळीने फिरत नाही, सरळ रेघ ओढतो. म्हणून रेघा धारदार आणि तेजस्वी. आपल्या स्क्रीनवर ते सगळं ठिपक्यांत उतरवावं लागतं, तेव्हा इथे प्रश्न बटणांपेक्षा चित्राचा.

व्हेक्स कोअरमध्ये चित्र काढायचे दोन मार्ग आहेत, सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर. सॉफ्टवेअरने 330×410 चं चित्र बनतं, ते 480 उंचीला ताणलं की तिरक्या रेघा पायऱ्यांसारख्या दिसतात. जी31 ला हार्डवेअर मार्ग सहज झेपतो, तोच घ्या, आणि रिझॉल्यूशन यादीतलं सगळ्यात लहान ठेवा. 480 ओळींच्या स्क्रीनला हजार ओळींचं चित्र पाठवून फक्त बॅटरी जाते. मग रेघेची जाडी आणि चमक, आणि भोवतालच्या प्रभेची रुंदी आणि चमक, असे चार पर्याय. प्रभा जवळपास शून्यावर आणा. 9 इंची पडद्यावर जी झळाळी सुंदर दिसायची, ती साडेतीन इंचांत अक्षरं गिळून टाकते. रेघ मात्र एक पायरी जाड करा, नाहीतर दूरची लक्ष्यं दिसत नाहीत. पडद्यावर लावायच्या रंगीत प्लॅस्टिकच्या काचांची चित्रं मिळतात, पण या आकारात त्या चित्र अंधुक करतात. त्यांच्याशिवायच खेळा.

मूळ कंट्रोलरवर चार बटणं एका ओळीत आहेत. यंत्रातच असलेल्या माइन स्टॉर्ममध्ये 1 म्हणजे अज्ञात जागी उडी, 3 म्हणजे पुढे ढकलणं, 4 म्हणजे गोळी. चौकोनी मांडणीत 1 आणि 4 जवळ येऊन घात होतो, गोळी मारायला जावं आणि जहाज भलतीकडे उगवावं. 4 ला बी वर, 3 ला आर1 वर आणि 1 ला एल2 वर हलवा. म्हणजे गोळी अंगठ्याने, रेटा तर्जनीने, उडी मुद्दाम बोट लांबवल्याशिवाय होत नाही. स्टिक डावीच ठेवा, मूळचीही अ‍ॅनालॉग होती.

माइन स्टॉर्म तेराव्या पातळीशी कोसळला तर सेटिंग्ज चाळू नका. यंत्रातल्या मूळ प्रोग्राममध्येच ती चूक आहे. त्या काळी तक्रार करणाऱ्या ग्राहकांना दुरुस्त केलेली कॅसेट, माइन स्टॉर्म 2, टपालाने पाठवली जायची. तीच रॉम वापरली की पुढे जाता येतं.

बाकीची, थोडक्यात

अटारी लिंक्स (1989) या स्क्रीनसाठीच जन्मल्यासारखं आहे: 160×102 ला चौपट केलं की 640×408, रुंदीला एकही ठिपका वाया नाही. त्याला लिंक्सबूट.आयएमजी ही 512 बाइटची फाइल लागते. वाटाराचं सुपरव्हिजन 160×160, तिप्पट म्हणजे नेमकी 480 उंची, कोअर पोटेटर. गेम सुमार आहेत, पण चित्राचं माप इतकं चपखल की बघायला हरकत नाही. निओ जिओ पॉकेट 160×152, तिप्पट 480×456, बायोस नको, आणि गेम उत्तम. पोकेमॉन मिनी (2001) 96×64, सहापट 576×384. यंत्र हलवून खेळायचे त्याचे गेम शोल्डर बटणाने 'हलवता' येतात: एल म्हणजे झटका, आर म्हणजे तिसरं, सी बटण.

केलेलं टिकवायचं कसं

नल्लीत रेट्रोआर्कची मुख्य संरचना-फाइल प्रत्येक गेम उघडताना नव्याने लिहिली जाते. म्हणजे रेट्रोआर्कच्या सेटिंग्जमध्ये जाऊन इंटिजर स्केल चालू केलं, 'सेव्ह' म्हटलं, तरी पुढच्या वेळी ते गेलेलं असतं. पुष्कळ जण इथेच वैतागून सोडून देतात. चित्राचं प्रमाण, इंटिजर स्केल, शेडर या गोष्टी यंत्रांच्या यादीतूनच, त्या यंत्राच्या प्रगत सेटिंग्जमध्ये ठरवा. बटणांचं मात्र उलट. गेम चालू असताना क्विक मेनूतल्या 'कंट्रोल्स'मध्ये बदल करा आणि तिथेच रिमॅप-फाइल जतन करा. ती वेगळी फाइल असते, पुसली जात नाही. कोअरपुरती आणि गेमपुरती अशा दोन्ही असल्या तर गेमची जिंकते. वंडरस्वानच्या उभ्या-आडव्या गेमसाठी आणि ओडिसी 2 च्या डाव्या-उजव्या जॉयस्टिकसाठी गेमपुरतीच ठेवा, वेक्ट्रेक्ससाठी आधी एक कोअरपुरती करा आणि मग लागेल तिथे गेमपुरती.

यातल्या बहुतेक यंत्रांना स्वतःचं सेव्ह नव्हतंच, त्यामुळे सगळी भिस्त सेव्ह स्टेटवर (खेळाचा तो क्षण जसाच्या तसा जतन करणाऱ्या फाइलवर). फर्मवेअर अद्ययावत केलं की कोअरही बदलतो आणि जुनी स्टेट उघडेलच असं नाही. अद्ययावत करण्याआधी सेव्ह आणि रिमॅपचे फोल्डर कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. रॉम पुन्हा मिळवता येते. पन्नास गेमच्या बटणांची जुळवणी गेली, तर प्रत्येक पट्टीचं चित्र पुन्हा शोधण्यापासून सुरुवात करावी लागते.